चुकांची खतावणी

बारावीचे पेपर मार्चमध्ये संपले आणि एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यास खऱ्या अर्थानं सुरू झाला. हे 2024 चं. पीसीएम ग्रुपची, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सची, परीक्षा 2 मेपासून होती. रोज दोन सत्रं, आणि ज्याच्या नशिबात जो दिवस येईल तो. आम्ही बार्शीचे. केंद्र सोलापूरला येणार हे धरूनच चाललो होतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझी उजळणी दोनदा झाली होती. नोट्स पाठ होत्या म्हणावं इतक्या ओळखीच्या झालेल्या. पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावर काय आहे ते डोळ्यांपुढे यायचं. 25 एप्रिलला मी पहिली पूर्ण सराव चाचणी सोडवली. 150 प्रश्न, 180 मिनिटं, 200 पैकी गुण पडले 104. चौदा प्रश्न तर मी कोरेच सोडले होते.

ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. फिजिक्सचे 50 आणि केमिस्ट्रीचे 50 प्रश्न, प्रत्येकी एक गुण, दोन्हींना मिळून 90 मिनिटं. मग मॅथ्सचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्याला वेगळी 90 मिनिटं. पहिल्या भागातला उरलेला वेळ मॅथ्सकडे नेता येत नाही. 90 मिनिटं झाली की तो भाग बंद होतो. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे माझे ते चौदा कोरे प्रश्न हा निव्वळ तोटा होता. हे मला माहीत होतं, तरी हात गेला नाही. बोर्डाच्या परीक्षेत येत नसेल तर सोडून द्यायची सवय लागलेली असते.

104 बघून मी घाबरले आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. दुसऱ्या दिवशी दुसरी चाचणी, तिसऱ्या दिवशी तिसरी, चौथ्या दिवशी चौथी. 112, 101, 109. चाचणी झाली की उत्तरतालिकेशी ताडून बघायचं, चुकलेल्या प्रश्नांवर लाल फुली मारायची, एक-दोन उत्तरं वाचून ‘अरे हो, हे तर येत होतं’ म्हणायचं आणि परत नोट्स उघडायच्या. मधेच हॉलतिकीट आलं. 10 मे, दुपारचं सत्र, 2 ते 5.

चौथ्या चाचणीच्या रात्री अण्णा जेवायला बसले होते. माझे वडील मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी आहेत. शिक्षण बारावी कॉमर्स. त्यांनी विचारलं, “आज किती पडले?”

“एकशे नऊ.”

“काल?”

“एकशे एक. परवा एकशे बारा.”

ते जेवत राहिले. मग म्हणाले, “मग ह्यातनं तुला नवीन काय कळलं?”

मला राग आला. चार दिवस तीन-तीन तास बसत होते मी. “किती मार्क पडतात ते कळलं की.”

“ते झालं. पण का पडतात एवढेच, ते कळलं का? तू रोज नुसती कीर्द लिहितीस गं. खतावणी कुठंय?”

कीर्द म्हणजे रोजची वही, त्या दिवशी आलं-गेलं ते क्रमानं लिहून ठेवायची. खतावणीत तेच व्यवहार माणसागणिक वेगळे काढतात. कोणत्या शेतकऱ्याची उचल किती, पट्टी किती, बाकी किती. अण्णा मला लहानपणी दुकानात घेऊन जायचे तेव्हापासून हे शब्द माझ्या कानावर आहेत, पण त्या रात्रीपर्यंत ते माझ्या अभ्यासाचे शब्द नव्हते. ते म्हणाले, “कीर्दीवरनं दिवस कळतो. माणूस खतावणीवरनं कळतो. तुझं येणं कुठं अडकलंय ते खाती पाडल्याशिवाय कसं कळंल?” आणि कपाटातून एक कोरी, लाल कापडी बांधणीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. पाडव्याला दुकानात नव्या वह्या येतात, त्यातली उरलेली.

29 एप्रिलला मी एकही नवा प्रश्न सोडवला नाही. सकाळी सातला बसले ते रात्री नऊपर्यंत चारही पेपरांतला चुकलेला किंवा कोरा राहिलेला प्रत्येक प्रश्न परत सोडवला आणि तो का चुकला हे एका ओळीत लिहिलं. एकूण 274 प्रश्न निघाले. दुपारपर्यंत आपोआपच पाच खाती पडली. ‘येत नाही’, ‘विसरले’, ‘नीट वाचलं नाही’, ‘आकडेमोड’ आणि ‘वेळ गेला’.

त्या रात्री बेरजा केल्या तेव्हा मी बराच वेळ वहीकडे बघत राहिले. माझी समजूत होती की मला येत नाही म्हणून गुण जातात. ‘येत नाही’ खात्यात 92 प्रश्न होते, म्हणजे फक्त तिसरा हिस्सा. ‘विसरले’ 61, ‘आकडेमोड’ 47, ‘नीट वाचलं नाही’ 38, ‘वेळ गेला’ 36. आणि त्या 92 मधले 41 प्रश्न एकट्या अकरावीचे. अकरावीचा अभ्यास मी बारावीच्या नादात बाजूला टाकला होता, हे मनात कुठेतरी ठाऊक होतं. पण आकडा समोर आला तेव्हा ते टाळता येईना.

एक गोष्ट मी पुढे कॉलेजात आल्यावर वाचली, पण ती इथेच सांगायला हवी. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना तो वाचून न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्या ‘विसरले’ खात्यातले 61 प्रश्न मला त्यातून कळले. नोट्स ओळखीच्या वाटणं आणि गरज पडेल तेव्हा त्या आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी महिनाभर पहिलीचाच सराव करत होते.

30 तारखेपासून बेत बदलला. एक दिवस चाचणी, एक दिवस खतावणी. चाचणी दुपारी 2 ते 5 याच वेळेत, कारण परीक्षा त्याच वेळेत होती. हे वाटतं तेवढं सोपं नाही. मे महिन्यात बार्शीत दुपारी दोनला पारा 40 च्या पुढे असतो, जेवण झालेलं असतं आणि अंग जड होतं. पहिल्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला माझे डोळे मिटायला लागले, आणि ती नेमकी मॅथ्स सुरू होण्याची वेळ. मग जेवण साडेअकराला घ्यायला लागले. एकच भाकरी, वरण, ताक. भात बंद. आईनं त्या दहा दिवसांत स्वयंपाकाची वेळ माझ्यासाठी बदलली, एका शब्दानं न कुरकुरता.

दुसरा बदल कॉम्प्युटरचा. माझ्या क्लासनं दिलेल्या चाचण्या छापील होत्या, उत्तरं ओएमआर शीटवर रंगवायची. सीईटी मात्र 2019 पासून कॉम्प्युटरवर आहे. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. उत्तरावर क्लिक करायचं, त्यात काय! पण घरी कॉम्प्युटर नाही, आणि मोबाइल सोडून मी माऊस फार तर शाळेच्या लॅबमध्ये धरलेला. बसस्टँडजवळ फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे, तिथल्या काकांना विचारलं. दुपारी त्यांच्याकडे गिऱ्हाईक नसतं. तासाला 30 रुपये ठरले. कोपऱ्यातला कॉम्प्युटर मला मिळाला, आणि वर आढ्याला पंखा.

स्क्रीनवरच्या पहिल्याच चाचणीत ‘नीट वाचलं नाही’ खातं फुगलं. एकाच पेपरात तेरा प्रश्न. घरी येऊन शोधत बसले आणि कारण सापडलं. कागदावर मी प्रश्न वाचताना पेन्सिलीनं ‘नॉट’, ‘इनकरेक्ट’, ‘एक्सेप्ट’ असे शब्द अधोरेखित करायचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी वाक्य पटकन डोक्यात शिरत नाही, म्हणून लागलेली ती सवय होती. स्क्रीनवर रेघ कशी मारणार? त्यामुळे ‘खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं आहे’ या प्रश्नात मी पहिलं बरोबर विधान दिसलं की त्याच्यावरच क्लिक करून पुढे जात होते. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतूनही देता येते, पण दोन वर्षं इंग्रजीत शिकल्यावर शेवटच्या दहा दिवसांत भाषा बदलणं मला धोक्याचं वाटलं, आणि मॅथ्स तर इंग्रजीतच असतं. उपाय साधा निघाला. कच्च्या कागदावर प्रश्नाचा नंबर लिहायचा आणि नकार असेल तर त्याच्यापुढे मोठी फुली मारायची, मग पर्याय वाचायचे. तीन सेकंद लागतात. पुढच्या चाचणीत तेराचे चार झाले.

कच्च्या कागदाचंही असंच. छापील पेपरात आकृतीवरच कोन लिहिता येतात, तिथेच बाजूला गुणाकार करता येतो. स्क्रीनवर आकृती वर आणि कागद खाली, मान सारखी वर-खाली. आकडा उतरवताना 0.36 चं 0.63 व्हायचं. मी आकृती उतरवून घ्यायला लागले, अगदी वेडीवाकडी का होईना.

‘आकडेमोड’ खात्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. बोर्डाला लॉग टेबल मिळतं, सीईटीला टेबलही नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. लॉग 2 म्हणजे 0.3010 आणि लॉग 3 म्हणजे 0.4771 एवढे दोन पाठ असले की बरंचसं निभावतं. पण खरी चूक वेगळीच होती. मी उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत काढत होते, आणि चार पर्याय एकमेकांपासून लांब असायचे. पायचा वर्ग 10 धरला, गुरुत्वत्वरण 10 धरलं तरी जवळचा पर्याय एकच उरायचा. पर्याय आधी बघायचे, ते किती लांब आहेत ते ठरवायचं आणि मग तेवढीच आकडेमोड करायची. उलट पर्याय जवळजवळ असतील तर मात्र सावकाश. आणि एककं! सेंटिमीटरचे मीटर न केल्यामुळे गेलेले नऊ प्रश्न त्या वहीत एकाखाली एक लिहिलेले होते. ते एका नजरेत दिसल्यावर दहावा गेला नाही.

काही चुका मात्र नुसत्या हट्टी असतात. एका टोकाला बंद असलेल्या नळीत पहिला ओव्हरटोन म्हणजे तिसरा हार्मोनिक, हे मी तीन चाचण्यांत तीनदा चुकले. प्रत्येक वेळी उत्तर वाचून मान डोलावली होती. केमिस्ट्रीत रोझेनमुंड आणि स्टीफन या दोन रिडक्शनची अदलाबदल. दोन्हींतून आल्डिहाइडच मिळतं. एकात सुरुवात आम्लाच्या क्लोराइडपासून, दुसऱ्यात नायट्राइलपासून. भरीव गोल आणि पोकळ गोल यांच्या जडत्व आघूर्णातले दोन-पंचमांश आणि दोन-तृतीयांश. अशा हट्टी चुकांचं मी वहीच्या शेवटी वेगळं पान केलं. नियम एकच, की उत्तर लिहायचं नाही, फक्त प्रश्न लिहायचा. रोज सकाळी उठल्यावर ते पान उघडायचं आणि उत्तरं मनात म्हणायची. अडले तरच पुस्तक.

वेळेचा हिशोबही खात्यातूनच लागला. पहिल्या भागात 100 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. मी फिजिक्सपासून सुरुवात करायचे, पासष्ट-सत्तर मिनिटं तिथेच जायची आणि केमिस्ट्री घाईत संपायची. केमिस्ट्रीचे बरेचसे प्रश्न पुस्तकातल्या ओळींवर असतात, येतात किंवा येत नाहीत, विचार करून फरक पडत नाही. क्रम उलटा केला. केमिस्ट्री तीस मिनिटांत, मग फिजिक्सला तास. मॅथ्समध्ये तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत वाचताक्षणी रस्ता दिसतो तेवढेच. शून्य ते पाय बाय टू मधलं साईन एक्स भागिले साईन एक्स अधिक कॉस एक्स असं इंटिग्रेशन दिसलं की गुणधर्म लावून पाय बाय फोर, दहा सेकंदांत दोन गुण. पूर्वी हाच प्रश्न मी चार ओळींत सोडवत बसायचे. दुसऱ्या फेरीत लांबचे प्रश्न. शेवटच्या तीन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी बारा प्रश्नांत सरासरी तीन बरोबर येतात, म्हणजे मॅथ्समध्ये सहा गुण.

अकरावीच्या 41 प्रश्नांसाठी सगळं पुस्तक काढणं शक्य नव्हतं. सरळ रेषा, वर्तुळ, प्रोबॅबिलिटी, फिजिक्सचं सेमीकंडक्टर, केमिस्ट्रीची मूलभूत गणितं एवढंच घेतलं. लिमिट्स आणि पर्म्युटेशन सोडून दिलं. त्याचं वाईट वाटलं, पण दहा दिवसांत काय सोडायचं हे ठरवणंही भागच होतं.

30 एप्रिलला 118 पडले. 2 मेला 127. 4 मेला 133, आणि तो दिवस लक्षात आहे कारण 7 मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि प्रचार संपायला एकच दिवस उरला होता. बसस्टँडवरून दर पाच मिनिटांनी भोंग्याची गाडी जायची. काकांनी शटर अर्धं ओढून घेतलं. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, परीक्षेतही शेजारच्याच्या कीबोर्डचा आवाज असणारच. 6 मेला 141.

141 नं माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी खतावणीचा दिवस होता, पण मला वाटलं, आज बसले तर 150. मतदानामुळे दुकान बंद. मी घरीच मोबाइलवर चाचणी उघडली. आजी, आई, शेजारच्या काकू मतदानाला जाता-येता दारात बोलत होत्या. ती चाचणी इंटरनेटवर सापडलेली होती, ‘गेल्या वर्षीचा पेपर’ म्हणून. गुण पडले 126.

मी रडले. परीक्षेला तीन दिवस आणि गुण पंधरानं खाली. संध्याकाळी अण्णा मतदान करून, यार्डात चक्कर मारून आले, तोवर मी पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन चाचण्या सोडवायचं वेळापत्रक करून ठेवलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, “आधी आजची खाती पाड.”

पाडली. ‘येत नाही’ मध्ये नवीन काहीच नव्हतं. लहान स्क्रीनवर वाचताना झालेल्या चुका अकरा. आणि सहा ठिकाणी माझं उत्तर बरोबर होतं, तालिकाच चुकीची होती. त्यातला एक लॉजिकचा होता, ‘पी इम्प्लाइज क्यू’ चं निगेशन. पी आणि नॉट क्यू हे उत्तर मी पुस्तकातून चार वेळा ताडून पाहिलं. ज्या पेपराच्या तालिकेची खात्री नाही तो शेवटच्या दिवसांत उघडूच नये, हे मी त्या संध्याकाळी शिकले. बरोबर येणारी गोष्ट चुकीची वाटायला लागणं यासारखं वाईट त्या दिवसांत दुसरं काही नाही.

8 आणि 9 तारखेला एकही पूर्ण चाचणी नाही. 8 ला दिवसभर लाल वही. 9 ला सकाळच्या एसटीनं वैरागमार्गे सोलापूरला आत्याकडे. गाडीत शेवटचं हट्टी पान दोनदा म्हटलं. रात्री केमिस्ट्रीचे वीस प्रश्न आणि साडेनऊला झोप. आत्यानं गच्चीवर अंथरूण घातलं होतं.

10 मेला अक्षय्य तृतीया होती. आत्याच्या घरी आमरस होता. मी वाटीभरच खाल्ला. केंद्रावर तपासणी झाली, कच्चे कागद मिळाले. मशीनसमोर बसल्यावर सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की खुर्ची, स्क्रीन, दुपारचे दोन, यातलं काहीच नवं नाही. केमिस्ट्री 31 मिनिटांत झाली. फिजिक्सचे पाच प्रश्न राहिले, ते शेवटच्या मिनिटात भरले. मॅथ्सच्या पहिल्या चार प्रश्नांत एकाचाही रस्ता दिसेना आणि छातीत धडधडलं. पण चाचण्यांतही हे दोनदा झालं होतं. पुढे गेले. सातव्यापासून प्रश्न सुटायला लागले. कच्च्या कागदावर एकूण नऊ फुल्या होत्या, म्हणजे नऊ नकाराचे प्रश्न. पर्म्युटेशनचा एक आला. तो मी सोडून दिलेल्या धड्याचा. अंदाजानं भरला, चुकला.

पुढे लॉगिनमध्ये आपली उत्तरं आणि तालिका बघायला मिळाली तेव्हा 200 पैकी 143 झाले. परसेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा, मुद्दाम सांगत नाही. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून गुणांचं नॉर्मलायझेशन होतं, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका मापात आणतात. तेवढ्याच गुणांना दुसऱ्या सत्रात वेगळा आकडा पडू शकतो, आणि मुलं उगाच तुलना करत बसतात. मला हवी ती शाखा सोलापुरातच मिळाली.

2025 च्या एप्रिलमध्ये माझ्या वैरागच्या मामेबहिणीचा रात्री फोन आला. तिची परीक्षा आठ दिवसांवर होती. अकरा दिवसांत सतरा चाचण्या सोडवून झाल्या होत्या, गुण हलत नव्हते, आवाज रडवेला. “ताई, अजून कुठल्या टेस्ट चांगल्या आहेत, लिंक पाठव ना.” मी म्हटलं, उद्या टेस्ट नको, मी येते. शनिवारी पहिल्या एसटीनं गेले. मामीनं ओसरीवर सतरंजी घातली. आम्ही तिचे शेवटचे तीन पेपर मांडले आणि एकेक प्रश्न घेत गेलो. मला वाटलं होतं, माझ्यासारखीच खाती निघतील. तिचं ‘नीट वाचलं नाही’ जवळजवळ रिकामं होतं. आकडेमोड तर माझ्यापेक्षा कितीतरी पक्की. दुपारपर्यंत एक वेगळंच खातं उघडावं लागलं, जे माझ्या वहीत नव्हतंच. तिनं आधी बरोबर उत्तर निवडलं होतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत बदललं होतं, असे तीन पेपरांत मिळून एकवीस प्रश्न. त्या खात्याला नाव काय द्यायचं ते तिनंच ठरवलं आणि वहीत लिहिलं, ‘माझं मलाच पटलं नाही’.